फाटकावरचं शून्य

उन्हाळे मॅडमनी मला सतरा वर्षांत एकच प्रश्न विचारला, अन् तो हजार वेळा विचारला. "मोजलं की वाटलं?"

मी शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला. कागदावर आमच्या पदाला मोठं नाव आहे, पण काम म्हणजे नळ्या धुणे, बाटल्या भरणे अन् मॅडमची बोलणी खाणे. मी सांगायचो, मॅडम, स्पिरिट अर्धी बाटली उरलंय. लगेच प्रश्न यायचा. मी म्हणायचो, दिसून राह्यलं ना डोळ्यानं, त्यात मोजायचं काय. त्यावर त्या वाद घालत नसत, नुसती फूटपट्टी माझ्यापुढे धरत. पहिली दोन वर्षं या बाईचा मला असा राग यायचा की घरी जाऊन जेवताना मी अम्मीजवळ तिच्या नकला करायचो. अम्मी हसायची अन् मग हळूच विचारायची, "पण स्पिरिट निघालं किती रे?" अर्ध्याहून कमीच निघालेलं असायचं.

आमचं गाव वरवट बकालच्या अलीकडे, फाट्यावरून आत. शाळा गावाच्या तोंडाशी, एसटी तिच्या फाटकासमोरच थांबते. मॅडम चिखलीच्या. वडील तिथं कचेरीत कारकून होते, घरात सगळे शिकलेले, सगळ्यांचं अक्षर वळणदार. म्हातारी आई चिखलीत अन् मॅडम इथं एका खोलीत भाड्यानं. लग्न केलेलं नव्हतं. काऊन नाही केलं, हे विचारायची गावात एकाची छाती झाली नाही.

अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायच्या. आडनावावरून पोरं जे म्हणायची ते म्हणायचीच, बारा महिने तेरा काळ ऊन. अंगानं काटकुळ्या, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, खडू पावडरच्या जुन्या डबीत. चहासाठी स्वतःचा स्टीलचा लहान ग्लास होता, त्याला आतून खिळ्यानं एक बारीक रेघ मारलेली. चहा त्या रेघेपर्यंत. वर गेला तर परत ओतायच्या, खाली राहिला तर ग्लास माझ्याकडे सरकवायच्या. बोलणं सगळं पुस्तकासारखं शुद्ध. फक्त फार चिडल्या की आतून आमचीच बोली बाहेर यायची, "काऊन रे, हात गळाले का तुझे?" अन् मग स्वतःच दचकून गप्प व्हायच्या.

दरवर्षी अकरावीच्या पहिल्या प्रॅक्टिकलला त्या फळ्यावर दोनच गोष्टी काढत. एक शून्य अन् एक आडवी रेघ. मी दारात झाडू घेऊन उभा असायचो, मलाही ते पाठ झालं होतं. त्या म्हणायच्या, शून्य म्हणजे मी पाहिलं आणि तिथं काही नव्हतं. रेघ म्हणजे मी पाहिलंच नाही. रेघेच्या जागी शून्य लिहिणारा माणूस खोटं बोलतो, मग तो मनानं कितीही भला असो. पोरं एकमेकांकडे पाहून तोंड दाबायची. वर्षभरात ज्याच्या वहीत रेघेच्या जागी शून्य सापडलं, त्याची वही खिडकीतून बाहेर जायची.

एकदा जिल्ह्याहून साहेब आले होते तपासणीला. शाळेच्या छपरावर मॅडमनी पाऊस मोजायचं नळकांडं लावलं होतं, त्याची नोंदवही साहेबांनी चाळली. मधेमधे रेघा होत्या, मॅडम चिखलीला गेल्या असतील ते दिवस. साहेब म्हणाले, या रेघा बऱ्या दिसत नाहीत, तसंही तेव्हा कोरडंच होतं, शून्य टाकून घ्या. मॅडमनी विचारलं, तुम्ही होता का त्या दिवशी इथं? साहेब हसले. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं अन् पेन त्यांच्यापुढे धरलं. म्हणाल्या, तुम्ही लिहा आणि समोर सही करा. हेडमास्तरांचं तोंड पांढरंफटक पडलं. साहेबांनी चहा घेतला अन् निघून गेले. त्या वर्षी शाळेला मिळायचं बक्षीस दुसऱ्या गावाला गेलं, स्टाफरूममध्ये महिनाभर मॅडमशी कोणी धड बोललं नाही. त्यांनी चहा रेघेपर्यंत घेणं सोडलं नाही.

आता माझ्या भावाचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय मॅडम पुऱ्या होत नाहीत. युनूस माझा मोठा भाऊ. शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच आमचं चार एकर काळं रान आहे, ते तोच पाहतो. बीटी बियाणं आलं तेव्हा पहिली काही वर्षं आमच्या भागानं बोंडअळी विसरूनच टाकली होती. मग ती परत आली, गुलाबी. ती वरून दिसत नाही. बोंड हिरवंगार, टणक, अन् फोडलं की आत ती बसलेली. दिसत नाही म्हटल्यावर लोक भीतीनं फवारायला लागले. शेजाऱ्यानं फवारलं म्हणून आपण फवारायचं. युनूसही तसाच. एका सालात डोक्याएवढ्या कपाशीत शिरून फवारता फवारता तो धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पडला. तोंडाला फेस, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. पाच दिवस शेगावला दवाखान्यात होता. वाचला, पण छातीत घरघर राहिली ती राहिली. डॉक्टर म्हणाले, हे औषध अंगावर घेणं जितकं टाळता येईल तितकं टाळा.

दुसऱ्या सालच्या पेरणीनंतर तो शाळेत आला. प्रयोगशाळेच्या दारात चप्पल काढून उभा राहिला अन् मॅडमला म्हणाला, "मॅडम, मले फक्त एवढंच सांगा, कवा फवारू अन् कवा नको. उगाच हे फवाऱ्याचं ईख अंगावर घ्यायची ताकद नाई राह्यली आता."

मॅडम फिजिक्सच्या. त्यांनी तसं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं, वही काढली अन् दोन तास त्यालाच प्रश्न विचारले. पुढच्या आठवड्यात त्याच्या रानात कामगंध सापळा लागला. पिवळं नरसाळं, खाली पिशवी, वर मादीच्या वासाची गोळी. रात्री नर पाखरं येतात अन् पिशवीत पडतात. रोज सकाळी अकरावीच्या मुली जाऊन मोजायच्या. सलग तीन रात्री आठ-आठ पाखरं पडली तर फवारायचं, नाहीतर नाही, हा नियम. मोजणी शाळेच्या फाटकावरच्या काळ्या फळ्यावर लिहायची, म्हणजे आजूबाजूचे लोकही पाहतील. लिहायचं काम माझं. त्या साली युनूसनं फक्त दोन फवारण्या केल्या अन् कापूस चांगला निघाला. तो मॅडमचं नाव घ्यायचा तेव्हा आवाज खाली आणायचा, अब्बांचं नाव घेताना आणायचा तसा.

पुढच्या पावसाळ्यात एका मुलीचा पाय कपाशीत घोणशीवर पडता पडता राहिला. मॅडम त्या दिवशी तासाला उभ्या राहू शकल्या नाहीत, खुर्चीत बसून शिकवलं. मग त्यांनी ठरवलं की मोजायला माणूस नको.

पुण्यात नोकरीला असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं एक लहानसा कॉम्प्युटर पाठवला. पत्त्यांच्या कॅटाएवढा, हिरवी पाटी अन् तिच्यावर काळे ठिपके. मी खोकं उलटंपालटं केलं. कीबोर्ड कुठाय? स्क्रीन कुठाय? मला वाटलं, पोरानं अर्धा माल पाठवला. मॅडम म्हणाल्या, हाच पूर्ण आहे. रानात खांबावर कीबोर्ड काय करायचाय? नरसाळ्यातून पाखरू खाली पडलं की दिव्याची तिरीप तुटेल, हा मोजेल अन् सकाळी आकडा भिंतीपलीकडे शाळेच्या वायफायनं आपल्या कॉम्प्युटरला पाठवेल. मी विचारलं, ते सगळं खरं, पण याला शाळेच्या वायफायचा पासवर्ड सांगायचा कुठून? याला तर ना कान ना तोंड.

तेच सगळं कसब होतं. त्या पाटीच्या पोटात नखाएवढं कार्ड होतं. ते काढून शाळेच्या कॉम्प्युटरला लावायचं, त्यावर एक चिठ्ठी लिहायची: देश कुठला, वायफायचं नाव काय, पासवर्ड काय. कार्ड परत पाटीत घालायचं अन् वीज द्यायची. उठल्याबरोबर ती पाटी आपल्या खिशातली चिठ्ठी वाचते अन् जोडली जाते. सांगायला सोपं. हिरवा दिवा लुकलुकायचा, मॅडम वायफायच्या यादीत नवं नाव शोधायच्या अन् नाव नसायचं. कार्ड काढ, लिही, घाल, थांब. तीन दिवस हे चाललं. प्रत्येक खेपेची नोंद वहीत होत होती, वेळ, काय बदललं, काय झालं. मी मनात म्हणत होतो, एक कीबोर्ड लावला असता तर केव्हाच मोकळे झालो असतो.

चौथ्या दिवशी पुण्याच्या पोरानं फोनवर चूक सांगितली. आमचा कॉम्प्युटर त्या चिठ्ठीच्या नावामागे स्वतःचं .txt असं एक शेपूट लावत होता अन् ते शेपूट स्क्रीनवर दाखवत नव्हता. पाटी तिच्या नावाची चिठ्ठी शोधायची, तिला ती सापडायची नाही. मॅडमनी वहीत लिहिलं: चूक माझी. जे दिसत होतं तेवढंच खरं धरलं.

त्या दुपारी यादीत नाव आलं. मी कार्ड काढून पुन्हा पाहिलं तर चिठ्ठीच गायब. मी ओरडलोच, मॅडम, चिठ्ठी गेली. त्या हसल्या. मॅडमना दात दाखवून हसताना मी तेव्हा पाहिलं, पुढचा एक दात किंचित आडवा आहे. म्हणाल्या, त्यानं वाचली, लक्षात ठेवली आणि फाडून टाकली. आता तो रोज आपला आपण येईल. मी म्हटलं, अन् पासवर्ड बदलला तर? त्या म्हणाल्या, तर मग पुन्हा कार्ड काढायचं, नवी चिठ्ठी लिहायची. लक्षात ठेवा, जमीरभाऊ.

लक्षात ठेवा, असं त्या म्हणाल्या होत्या. मी विसरलो. त्याही विसरल्या.

झालं ते असं. शाळेच्या वायफायवर स्टाफमधले दोघेतिघे दिवसभर क्रिकेट पाहायचे अन् तिकडे पोरांचे स्कॉलरशिपचे फॉर्म अडकून पडायचे. मॅडमनी दोनदा बजावलं, कोणी मनावर घेतलं नाही. गौरीसाठी चिखलीला जायच्या आदल्या दिवशी त्यांनी सरळ पासवर्ड बदलून टाकला. नवा मला कागदावर लिहून दिला अन् कोणाला द्यायचा नाही म्हणून दम दिला. क्रिकेटवाल्यांची तोंडं पाहून मला फार बरं वाटलं. बस त्याच फाटकासमोरून निघाली, मी त्यांची पिशवी चढवून दिली. भिंतीपलीकडे खांबावर ती पाटी होती, तिच्याकडे आमच्या दोघांपैकी एकानंही पाहिलं नाही.

चिखलीत त्यांची आई आजारी पडली, म्हणून त्या जास्त राहिल्या. इकडे मी रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू करायचो. आकड्याच्या जागी शून्य. मी खडू घ्यायचो अन् फाटकावर शून्य लिहायचो. त्या साली गौरी अन् बकरी ईद पाठोपाठ आल्या होत्या, घरात पाहुणे, सगळा आनंद. युनूस सकाळी दूध घालून येताना फळ्यासमोर थांबायचा, शून्य पाहायचा अन् छातीवर हात फिरवायचा. शेजारचे फवारत होते. त्याच्या बायकोनंही टुमणं लावलं होतं, तुम्हीपण एक हात मारून घ्या. तो म्हणाला, मॅडमचा फळा सांगून राह्यला ना, पाखरू नाही म्हणून. अकरा दिवस मी शून्य लिहिलं. हाच हात.

मॅडम सोमवारी सकाळच्या बसनं उतरल्या तेव्हा मी फळ्यासमोरच होतो, बारावं लिहायला. त्यांनी पिशवी खाली ठेवली अन् सगळा रकाना वरपासून खालपर्यंत पाहिला.

"मोजलं की वाटलं?"

मी म्हटलं, मॅडम, कॉम्प्युटरनं मोजलं.

त्या तिथूनच वळल्या. प्रवासातल्या साडीतच भिंतीच्या खिंडारातून रानात शिरल्या, मी मागे. सापळ्याच्या पिशवीची गाठ त्यांनी सोडली. मुठीमुठीनं पाखरं खाली आली, मेलेली, ओली, राखेच्या रंगाची, अन् घाण वास सुटला. त्यांनी ती तळहातावर घेतली अन् तशाच धुऱ्यावर बसल्या. चिखलात, चांगल्या साडीनं. मग म्हणाल्या, "पासवर्ड."

मी पाटीतून कार्ड काढलं अन् शाळेच्या कॉम्प्युटरला लावलं. सगळं होतं तिच्या पोटात. नऊ, अकरा, अकरा, चौदा, एकेका रात्रीचा हिशोब. पाटीनं एकही रात्र चुकवली नव्हती. रोज सकाळी ती आमच्या दाराशी येत होती, तिला सांगितलेला जुना पासवर्ड सांगत होती अन् दार उघडत नव्हतं. अन् आमच्या कॉम्प्युटरकडे काही आलं नाही की तो शून्य दाखवत होता. तसं त्याला मॅडमनीच सांगितलं होतं. पहिल्या चाचण्यांच्या वेळी आकडा आला नाही की स्क्रीनवर कचरा दिसायचा, म्हणून त्यांनी लिहून ठेवलं होतं की काही आलं नाही तर शून्य धर. वहीत त्या दिवसाची नोंद सापडली, त्यांच्याच वळणदार अक्षरात: तात्पुरते, बदलणे. ती ओळ वाचली तेव्हा त्यांनी वही मिटली नाही, माझ्यापुढे उघडी ठेवली. माझे डोळे भरून आले. त्यांचे नाही.

युनूस आला तेव्हा त्या कपाशीत होत्या. निरनिराळ्या झाडांची वीस बोंडं तोडून त्यांनी नखानं फोडली, एकेक, अन् रांगेनं धुऱ्यावर मांडली. तेरांत अळी होती. युनूस त्या रांगेकडे पाहत राहिला.

"मॅडम," तो म्हणाला, "मी तुमच्या शून्यावर थांबलो होतो."

"ते शून्य नव्हतं, युनूसभाऊ. ती रेघ होती. तिथं शून्य मी लिहायला लावलं."

त्याला शून्य अन् रेघ काही कळलं नसणार. तो खाली बसला, बोंडं गोळा केली, ओंजळीत घेतली अन् कुठे टाकावी ते न सुचून तसाच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम फाटकावर उभ्या राहिल्या. दूध घालायला आलेले, बसला थांबलेले, सगळे होते. त्यांनी ओल्या फडक्यानं अकरा शून्यं पुसली, अकरा रेघा मारल्या अन् प्रत्येक रेघेपुढे खरा आकडा लिहिला. मग काय झालं ते सगळं सांगितलं, पासवर्ड, चिठ्ठी, ते तात्पुरते, काही गाळलं नाही. माझं नाव त्यात कुठे घेतलं नाही. एक म्हातारबा म्हणाले, बाई, मनाला लावून घेऊ नका, जेनं फवारलं तेचंही जाऊन राह्यलं, औंदा साऱ्या मुलखाचंच गेलं. ते खरंही होतं. मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांचं गेलं हे खरं. युनूसभाऊंचं त्यातलं माझ्यामुळे किती गेलं, ते मला मोजता येत नाही. म्हणून तिथं शून्य लिहू नका." बस आली अन् निम्मे लोक चढून गेले.

युनूसनं उशिरा का होईना फवारलं. तीनदा, छातीची घरघर घेऊन. पहिली वेचणी हाती लागली, पुढची सगळी कवडी निघाली, पिवळी, अर्धवट उमललेली, वेचणाऱ्या बायाही नको म्हणत होत्या. हिवाळ्यात त्यानं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटल्या अन् खामगावला एका जिनिंगवर कामाला गेला. दुसऱ्यांच्या कापसाचे ढिगारे तो खोऱ्यानं ओढायचा, त्या तुसात त्याचा खोकला रात्रंदिवस वाढला. मॅडमशी त्याचं बोलणं बंद झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं, पण तो समोरून आला की चप्पल पाहत निघून जायचा. माझ्याशी बोलायचा, पण एकदा जेवता जेवता त्यानं विचारलं की ते शून्य तूच लिहीत होतास ना. मी हाव म्हटलं. त्यानं भाकरी मोडली.

मला वाटलं होतं, मॅडम आता त्या पाटीला हात लावणार नाहीत. त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली, ती जोडली अन् पुन्हा खांबावर लावली. म्हणाल्या, त्या बिचाऱ्याची काय चूक. फक्त आकडा आला नाही तर रेघ दाखवायची हे आधी केलं, त्या रात्रीच. अन् रोज सहाला हातात काठी घेऊन स्वतः रानात जायला लागल्या. युनूसच्या रानात पाय ठेवायच्या आधी भिंतीजवळ थोडं थांबायच्या, कोणी नको म्हणतंय का पाहायच्या. त्यानं कधी नको म्हटलं नाही. पाटीचा आकडा अन् हातचा आकडा जुळला तरच मला फळ्यावर लिहू द्यायच्या. त्या सालात त्यांचे केस भराभर पांढरे झाले. कोणाला चूक सांगायची वेळ आली की पूर्वीसारखी वही खिडकीतून फेकत नसत, जवळ बोलावून सांगत. पोरं म्हणायची, मॅडम निवल्या. मला ते अजिबात आवडत नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात, कपाशी फुलावर असताना त्या रिटायर झाल्या. शेवटच्या दिवशी त्या सहाला रानात गेल्या तर रात्री रोह्यांचा, नीलगाईंचा, कळप शिरून खांब आडवा झालेला. पाटी चिखलात, पिशवी फाटलेली, पाखरं वाऱ्यावर. इकडे हेडमास्तर शाल-नारळ घेऊन तयार, पाहुणे आलेले, दहाची बस. मॅडम परत आल्या, माझ्या हातातून खडू घेतला अन् फळ्यावर त्या तारखेपुढे आडवी रेघ मारली. एक पाहुणे म्हणाले, आजच्या दिवशी तरी काहीतरी चांगला आकडा लिहायचा होता. त्यांनी खडू माझ्या हातात परत दिला.

युनूस दूध घालून परत येत होता. त्या मोसमात त्यानं पुन्हा कपाशीच लावली होती, त्या मातीत दुसरं काय येतं. तो फळ्यासमोर थांबला. एवढ्या दिवसांत तो रोज थांबायचा, पाहायचा अन् जायचा. त्या दिवशी त्यानं रेघेकडे बराच वेळ पाहिलं. मग दुधाची रिकामी कॅन फाटकाला टेकवून ठेवली अन् भिंतीच्या खिंडारातून रानात शिरला.

भाषणं झाली. मॅडम दोन वाक्यं बोलल्या अन् खाली बसल्या. बस आली, मी पिशवी चढवली, त्या खिडकीशी बसल्या, शालीची घडी मांडीवर. कंडक्टर तिकिटं फाडत होता. तेवढ्यात युनूस भिंतीवरून आला. गुडघ्यापर्यंत चिखल, खोकला आवरत नव्हता, ओंजळीत मिटलेली फुलं. फूल उमलत नाही, पाकळ्या गोळा होऊन बसतात, आत अळी असते, त्याला आमच्याकडे डोमकळी म्हणतात. तो बसजवळ आला पण खिडकीकडे पाहिना. माझ्याकडे पाहून म्हणाला, "सांग मॅडमले. शंभर फुलं पाह्यली. सात डोमकळ्या."

मी काही सांगायच्या आधीच त्या खिडकीतून वाकल्या.

"मोजलं की वाटलं?"

युनूसनं पहिल्यांदा वर पाहिलं. "मोजलं," तो म्हणाला. "दोन खेपा."

मॅडमनी मान हलवली. म्हणाल्या, शंभरात दहाच्या आत आहेत, मग आज फवारू नका, त्या सात खुडून जाळा अन् परवा पुन्हा मोजा. तो हाव म्हणाला. एवढंच बोलणं झालं त्यांचं, जवळजवळ वर्षानंतर.

मी खिशातून खडू काढून फळ्याकडे वळलो. युनूस मागून आला अन् त्यानं खडू माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाला, "तू राहू दे." चिखलाच्या हातानं त्यानं रेघ पुसली अन् तिच्या जागी सात लिहिलं, वेडंवाकडं, शाळेत न गेलेल्या माणसाचं. बस हलली तेव्हा मॅडम मागे वळून फळ्याकडे पाहत होत्या. फाट्याचं वळण येईपर्यंत मला खिडकीत त्यांचा चेहरा दिसत होता. मग युनूसनं खडू मला परत दिला अन् आम्ही दोघं खांब उभा करायला गेलो.